स्टोअरवाले अण्णा आणि त्यांचे तीन भाऊबंद

पाण्याशी उभा दावा मांडून सगळी हयात कोल्हापुरात काढलेला माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं स्टोअर सांभाळत होता. ज्या गावात पावसाळा नुसता वरून पडत नाही तर भिंतींतून, फरशीतून, कपाटातल्या ठेवणीतल्या साडीतूनसुद्धा येतो, जिथं मिठाची बरणी हलवली तर मीठ हलत नाही आणि पापडाला दुपारपर्यंत फडक्याची कळा येते, त्या गावात अण्णांनी दहा बाय पंधराच्या एका खोलीत कोरडेपणाचं राज्य चालवलं होतं. खोलीच्या दाराशी गोणपाटाचा तुकडा, त्याच्यापुढं जुन्या लुगड्याची घडी, आणि त्याच्यापुढं स्वतः अण्णा. पाय गोणपाटाला पुसायचे, मग लुगड्याला पुसायचे, मग अण्णा पायांकडं बघणार, आणि मनात आलं तर आत घेणार. छत्री बाहेर. ओले केस बाहेर. चहाचा कप बाहेर, आणि चहा प्यायलेला माणूससुद्धा दोन मिनिटं बाहेर. त्यांचा स्वतःचा पाण्याचा तांब्या व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्याखाली ठेवलेला असे. तहान लागली की स्टोअरला कुलूप लावून ते तिथवर चालत जात, पाणी पीत, मिशा पंच्याने पुसत, आणि परत येऊन कुलूप काढत.

अण्णा मूळचे नेसरीचे. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. राग आला की कानडी, फार राग आला की गप्प. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात कॉलेजचा खाकी शर्ट, आणि गळ्यात इष्टलिंगाच्या शेजारीच एका काळ्या दोऱ्यात लोखंडी कपाटाची किल्ली. आंघोळीलासुद्धा ती किल्ली उतरत नसे. फक्त ती ओली होऊ नये म्हणून तेवढ्यापुरती दातात धरत, असं त्यांच्या खोलीशेजारी राहणारे एक गृहस्थ शपथेवर सांगत. ती खोली मंगळवार पेठेत, वरच्या मजल्यावर. तळमजला भाड्याने स्वस्तात मिळत होता तरी घेतला नाही. कारण विचारल्यावर म्हणाले, "खालच्या खोलीत मानूस ऱ्हातंय व्हय? तितं ओल ऱ्हाती."

मी कॉलेजात नवी नवी प्राध्यापिका म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. पदवीच्या वर्गाचं प्रात्यक्षिक होतं आणि मला फॉस्फरस पेंटाक्लोराइड हवं होतं. रीतसर चिठ्ठी लिहून मी स्टोअरच्या दाराशी गेले, पाय पुसले, परत पुसले. अण्णांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"कशाला?"

"प्रात्यक्षिकाला."

"किती?"

"पन्नास ग्रॅम."

"पन्नास?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "लगीन हाय काय कुणाचं?"

मी नव्या उत्साहात त्यांना सांगायला लागले, की वीस विद्यार्थी, प्रत्येकी इतकं, थोडं वाया जाणार. 'वाया' हा शब्द ऐकताच ते उठले, आत गेले आणि एक रिकामी बाटली घेऊन आले. म्हणाले, "ही घ्या. आठ दिवस हाताळा. बूच काडा, लावा, काडा, लावा. बूच काडून लावायला तुमास्नी किती येळ लागतोय त्ये मी बगतो. मग देतो." माझ्याकडं तेव्हा विद्यापीठाची मोठी पदवी होती. तरीही पुढचे आठ दिवस मी रोज मधल्या सुट्टीत स्टोअरच्या दाराशी उभी राहून रिकाम्या बाटलीचं बूच काढत आणि लावत होते. नवव्या दिवशी त्यांनी मला दहा ग्रॅम दिले. वीस विद्यार्थ्यांना ते पुरले, वर उरले. त्या दिवसापासून मी त्यांची 'बाई'ची 'अक्का' झाले, ती कायमची. वयाने ते माझ्यापेक्षा कितीतरी मोठे होते, पण अक्का म्हणजे अक्का.

आता ही भानगड काय होती ते सांगते. फॉस्फरसला क्लोरीनचे तीन अणू चिकटले की होतं ट्रायक्लोराइड. दिसायला पाण्यासारखा द्रव, पण बूच काढलं की धुरायला लागतो. पाच चिकटले की पेंटाक्लोराइड. फिकट पिवळट भुकटी, राजगिऱ्याच्या पिठासारखी निरागस. आणि तीन क्लोरीनच्या जोडीला एक ऑक्सिजन येऊन बसला की ऑक्सिक्लोराइड, तोही द्रवच. तिघांचा स्वभाव मात्र एकाच घराण्यातला. पाणी दिसलं की भडकायचं, आणि भडकताना आम्लाच्या वाफांचे असे लोट सोडायचे, की माणसाचे डोळे, नाक, घसा सगळं एकदम पेटावं. पाणी म्हणजे बादलीभरच हवं असं नाही. कोल्हापूरच्या आषाढातली नुसती हवा त्यांना पुरते. अण्णांनी या तिघांना नावं ठेवली होती. तीनवाला 'धाकला', पाचवाला 'थोरला', आणि ऑक्सिजनवाला 'जावई'. जावई का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ऑक्शिजन भायेरनं घिऊन आलाय न्हवं का त्यो? म्हंजे घरचा न्हवं. पण रुसला की सगळ्यात जास्त तरास त्येचाच." खरं म्हणजे थोरल्याला थोडंसंच पाणी लागलं की तोच पालटून जावई होतो, पण नात्यांचा हा गुंता मी त्यांच्यापुढं कधी मांडला नाही.

दर गुरुवारी सकाळी कॉलेज भरायच्या आधी अण्णा कपाटांची फेरी काढत. काचेच्या लांब कांडीला कापसाचा बोळा, तो अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला, आणि ती कांडी प्रत्येक बाटलीच्या बुचाभोवती सावकाश फिरवायची. कुठून आम्लाची वाफ निसटत असेल तर तिथं अमोनियाशी गाठ पडून पांढरा धूर दिसतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बाटल्यांना ओवाळतोय. धूर दिसला की त्या बाटलीला बाहेर काढायचं, बूच पुसायचं, वर मेणाचा नवा थर द्यायचा, आणि हे सगळं करताना तिला कानडीत बोलत राहायचं. रागावून नव्हे; तापलेल्या लेकराला बोलावं तसं. इतकं करूनही त्या कपाटाच्या बिजागऱ्या गंजून लाल झाल्या होत्या आणि बाटल्यांवरची लेबलं तपकिरी होऊन गळून पडली होती. लेबलं नसली तरी अण्णांचं अडत नव्हतं. कुठली बाटली कुठल्या साली आली, कुणी किती वेळा उघडली, कुणाचा हात थरथरला, हे त्यांना तोंडपाठ होतं.

एकदा भर जुलैत आमचे प्राचार्य विद्यापीठाच्या समितीला घेऊन स्टोअर दाखवायला आले. अंगात रेनकोट, त्यावरून पागोळ्या लागलेल्या. अण्णा दारात आडवे हात करून उभे राहिले. प्राचार्य म्हणाले, "अहो, मी आहे." अण्णा म्हणाले, "तुमी हाईसा त्ये दिसतंय की. पण रेनकोट कुणाचा हाय?" समितीतल्या एकांना हसू आवरेना. शेवटी प्राचार्यांनी रेनकोट काढला, बूट काढले, आणि मोज्यांवर आत आले. समितीने अहवालात आमच्या स्टोअरचं कौतुक केलं आणि प्राचार्यांना सर्दी झाली.

या रसायनांची बाटली मिळवणं ही तर एक मोहीमच असे. गावातल्या दुकानात कुठं ती मिळत नाही. मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या वितरकाकडं मागणी नोंदवायची, मग वाट बघायची. वितरकाकडं माल नसतो, कारण कारखान्याकडं फॉस्फरस नसतो, कारण फॉस्फरस बाहेरच्या देशातून येतो. एकदा वितरकाने उशिराचं कारण कळवताना व्हिएतनामचं नाव घेतलं. तेव्हापासून अण्णा वाचनालयात जाऊन वर्तमानपत्राचं परदेशी बातम्यांचं पान वाचायला लागले. एके दिवशी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडं आले. "अक्का, परीक्षा पुढं ढकला."

"का हो?"

"व्हिएतनामात वादळ झालंय."

आणि बाटली निघाली तरी ती पोचेलच असं नाही. एका वर्षी आमची पेटी घेऊन येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने वाटेत चहाला थांबून पेटीवरचं कवटीचं चित्र नीट पाहिलं, आणि हायवेला कागलजवळच्या एका गोदामात ती उतरवून तो पुढं निघून गेला. फोन आला. अण्णा उठले आणि कागलला गेले. पेटी ताब्यात घेतली, पण आणायची कशी? एसटीत असलं काही नेता येत नाही, हे त्यांना पाठ. जाणाऱ्या येणाऱ्या टेम्पोवाल्यांनी कवटी बघून हात जोडले. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून कोल्हापूरच्या बाजूला परत निघालेला एक ट्रॅक्टर थांबला. अण्णांनी रिकाम्या ट्रॉलीत उसाचा पाला पसरला, त्यावर बसले आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये पेटी धरली. पुढं ते हा प्रसंग साभिनय सांगत. ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "पावणं, पेटीत काय हाय?"

"गरीब जीव हाय."

"मग कवटी कशाला काडलीया? बाँब हाय का काय?"

"न्हाय रं. पाणी न्हाय लागलं तर कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

ड्रायव्हरने आभाळाकडं पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. त्यानंतर त्या माणसाने ट्रॅक्टर जो हाणला म्हणतात, की कोल्हापूर येईपर्यंत अण्णा पेटीला धरून बसले होते की पेटी अण्णांना, ते सांगता येत नव्हतं.

पुढं पुढं तर नुसती मागणी नोंदवूनही भागेना. या तिघा भाऊबंदांपासून कुठंतरी कुणीतरी युद्धात वापरायचे विषारी वायू तयार करू शकतं, म्हणून त्यांची नावं जगभरच्या यादीत चढली आणि वितरक आमच्याकडून हमीपत्र मागायला लागले. आम्ही हे रसायन कोणत्याही शस्त्रासाठी वापरणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, वगैरे वगैरे, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी ते उलटून मागची बाजूही पाहिली. "अक्का, आपली पोरं परीक्षानळी सरळ धरनात. ही कुटली बाँब करालीत?" फॉर्मवर 'नेमका उपयोग' अशी एक चौकट होती. तिच्यात अण्णांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'परीक्षा'. वितरकाने फॉर्म परत पाठवला, अधिक खुलासा करावा. अण्णांनी खाली भर घातली, 'लेखी नव्हे, तोंडी नव्हे, प्रात्यक्षिक.'

इथवर सांगताना मला हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

अण्णांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि मी नुकतीच विभागप्रमुख झाले होते. संस्थेने ठरवलं, की पहिल्या मजल्यावरच्या स्टोअरच्या जागी कॉम्प्युटरची प्रयोगशाळा करायची आणि रसायनांचं स्टोअर तळमजल्यावर हलवायचं. आमची इमारत नाल्याच्या अंगाला, सखल भागात. अण्णा माझ्या केबिनच्या दाराशी आले. पाय पुसले, आत आले, आणि बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"अक्का, खाली पाणी येतंय."

"अण्णा, इतक्या वर्षांत कधी आलंय का?"

"आलं न्हाय म्हणून येतंय."

मी त्यांना समजावलं. नवी लोखंडी कपाटं येणार आहेत, फरशी उंच करून घेऊ, संस्थेपुढं माझं चालत नाही. यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. दुपारी स्टोअर हलवायच्या संमतीचा कागद घेऊन तेच आले, कारण सह्यांसाठी कागद फिरवायचं कामही त्यांच्याकडंच होतं. मी वाचला आणि सही केली. अण्णा काही बोलले नाहीत. कानडीतसुद्धा नाही.

उंच फरशी झालीच नाही. नवी कपाटंही आली नाहीत. जुनीच खाली नेऊन ठेवली. जड बाटल्या खालच्या फळीवर असाव्यात असा नियम, तेव्हा थोरला, धाकला आणि जावई तिघंही खालच्याच फळीवर बसले. वर्षाने अण्णा निवृत्त झाले. नारळ, शाल, दोन भाषणं. त्यांनी गळ्यातला काळा दोरा सोडला, किल्ली नव्या स्टोअरकीपरच्या हातात ठेवली आणि मंगळवार पेठेतल्या आपल्या खोलीवर निघून गेले. त्यानंतर ते कॉलेजकडं फिरकले नाहीत. मीही कधी बोलावलं नाही. बोलावून काय म्हणणार होते?

मग ते वर्ष आलं. पंचगंगेने पात्र सोडलं, रस्ते गेले, नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं बोटींतून बाहेर काढून ठिकठिकाणी शाळा-कॉलेजांत आणून ठेवली. आमच्या पहिल्या मजल्यावरचा मोठा हॉल माणसांनी भरून गेला होता. म्हाताऱ्या, बाळंतिणी, पिंजऱ्यातला एक पोपट. मी तिथं खिचडीच्या पातेल्यापाशी उभी होते. नाल्याचं पाणी फाटकातून आत आलं होतं आणि पायऱ्या चढत होतं, पण आम्ही वर होतो, निर्धास्त होतो. खालच्या स्टोअरची आठवण मला झाली नाही. हे लिहायला आजही जड जातं, पण नाही झाली.

सकाळी दहाच्या सुमारास कुणीतरी म्हणालं, "मॅडम, एक आजोबा पाण्यातनं यायलेत." मी खिडकीतून पाहिलं. धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, डोक्यावर पालथं घमेलं, आणि मांडीभर गढूळ पाण्यातून अण्णा कॉलेजच्या फाटकातून आत येत होते.

मी जिन्याने धावत खाली गेले. नमस्कार नाही, चौकशी नाही. "किल्ली कुटं हाय?"

किल्ली नव्या स्टोअरकीपरकडं, आणि तो पलीकडच्या गावात अडकलेला. अग्निशामक दलाला मी फोन लावला. त्यांच्या सगळ्या बोटी माणसं काढायला गेल्या होत्या. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, मानसं अडकल्यात का? न्हाईत न्हवं? मग बाटल्यांचं मागनं बगू." त्याचंही बरोबर होतं. वरच्या हॉलची फरशी म्हणजे खालच्या स्टोअरचं छत, हे त्याला फोनवर कसं समजवायचं? पाणी कपाटात शिरून एक बाटली जरी फुटली, तर ती वाफ जिन्यातून थेट वर जाणार होती, आणि वरच्या माणसांना खाली उतरायला पाण्याशिवाय जागा नव्हती.

स्टोअरच्या दाराचं कुलूप अण्णांनी दगडाने तोडलं. आत गुडघ्याच्या खाली पाणी. लोखंडी कपाट विटांवर चढवलेलं होतं, तरी त्याच्या खालच्या फळीला पाणी लागायला जेमतेम वीतभर राहिलं होतं. कपाटाचं कुलूप भक्कम. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते बिजागरीच्या बाजूला वाकले. इतकी वर्षं त्या तिघांच्या वाफा खाऊन बिजागऱ्या पार सडल्या होत्या. दगडाच्या चार ठोक्यांत खिळे निखळले आणि दार उलट्या बाजूने उघडलं.

"अक्का, व्हरांड्यात टांगल्याल्या लाल बादल्या आना. कोरडी वाळू हाय त्येंच्यात. आनि नाकाला ओला रुमाल बांदा." अण्णांच्या तोंडून 'ओला' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आग विझवायच्या त्या बादल्यांतली वाळू त्यांनी घमेल्यात ओतली. हातमोजे चढवले. थोरल्याची बरणी दोन्ही हातांनी उचलून वाळूत खोल बसवली, वरून वाळू घातली, त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधला, आणि घमेलं डोक्यावर घेतलं. आवाराच्या मागच्या बाजूला उंचावर आमची व्यायामशाळा होती, ती रिकामी होती. तिथवर न्यायचं, ठेवायचं, परत यायचं. असं चार वेळा, कारण धाकल्याच्या बाटल्या दोन होत्या. मी पुढं काठीने तळ चाचपत चालत होते आणि ते मागून येत होते. आमच्या माथ्यावर वरच्या हॉलच्या खिडक्यांतून सगळं गाव बघत होतं. एक म्हातारी ओरडली, "आवो आजोबा, येवढ्या पाण्यातनं डोस्क्यावर काय वाहतायसा?"

अण्णा मान न हलवता ओरडले, "पापड हाईत! वाळवायला न्यालोय!"

वर हशा पिकला. मला मात्र रुमालाआड रडू येत होतं.

तिसऱ्या खेपेला धाकल्याच्या बुचातून धूर निसटायला लागला. अण्णा म्हणाले, "वाऱ्याच्या वरच्या अंगाला व्हा. श्वास धरा." मी सरकले. त्यांनी खिशातला मेणाचा गोळा मळून बुचाभोवती थापला. थापताना खोकला दाबून त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता, पण बोटं बुचावरून ढळली नाहीत. चौथ्या खेपेला, जावयाला नेताना, पाण्याखालच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. माझ्या देखत ते गुडघ्यांवर कोसळले, पाणी छातीपर्यंत आलं. मान मात्र तशीच ताठ आणि डोक्यावरचं घमेलं जिथल्या तिथं. मी हात दिला. तसेच उठले आणि चालायला लागले. त्यानंतर तासाभरात पाणी कपाटाच्या दोन फळ्या बुडवून थांबलं. हॉलमध्ये खिचडीची दुसरी पंगत चालली होती. पोपट मिरची खात होता. काय होऊ शकलं असतं हे वर कुणालाही कळलं नाही.

आम्ही दोघं व्यायामशाळेच्या पायरीवर बसलो. अण्णा निथळत होते, खोकत होते. मी म्हणाले, "अण्णा, त्या कागदावर सही माझी होती."

"ठावं हाय की. कागद मीच आनलता तुमच्याकडं."

धोतराचा सोगा पिळत ते म्हणाले, "बाकीच्यांनी वाचला बी न्हाय. तुमी वाचलासा."

ते दोषाचं बोलले की समजुतीचं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही मी त्याचे दोन्ही अर्थ लावते, आणि दिवस कसा गेला असेल त्याप्रमाणे एक खरा वाटतो.

पुढं पाणी ओसरलं. असल्या रसायनांची विल्हेवाट लावण्याचा परवाना असलेली माणसं गाडी घेऊन आली आणि तिघा भाऊबंदांना घेऊन गेली. अण्णा त्या दिवशी आले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. स्टोअर परत वरच्या मजल्यावर गेलं. त्यासाठी संस्थेशी मी जितकी भांडले तितकी आयुष्यात कुणाशी भांडले नसेन. अण्णांचा खोकला महिनाभर रेंगाळला आणि मग गेला. नंतर मंगळवार पेठेतली खोली सोडून ते नेसरीला लेकीकडं राहायला गेले. प्रात्यक्षिकात पेंटाक्लोराइड टाकून करायची ती परीक्षा मात्र परत सुरू झाली नाही. मी दोनदा मागणी पाठवली, दोनदा हमीपत्रं पाठवली. इतक्या थोड्या मालासाठी कुणी पाठवायला तयार होईना, आणि पाठवायला तयार झाला तर पोचवायला कुणी तयार होईना. शेवटी ती परीक्षा अभ्यासक्रमातूनच निघाली. आता मुलं मोबाइलवर बघतात. एक गोरा हात येतो, भुकटी टाकतो, धूर येतो, संपलं.

हे अण्णांना सांगायला म्हणून गेल्या हिवाळ्यात मी नेसरीला गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण धीर झाला नाही. लेकीने अंगणात खुर्ची टाकली. अण्णा खाटेवर बसले होते, जरा वाळले होते, बाकी तसेच. इकडचं तिकडचं बोलून मी सांगून टाकलं, की अण्णा, ती परीक्षा काढून टाकली, आता कुठल्याच कॉलेजात कुणी करणार नाही. मला वाटलं, त्यांना लागेल. ते एकदम पुढं झुकले.

"अक्का, येक इचारू? हसू नगा."

"विचारा की."

"ती पोरं भुकटी टाकून बगायची. म्हंजी नेमकं काय बगायची वो?"

मला प्रश्नच कळेना. ते म्हणाले, "मी सातवी. हमाल म्हणून लागलतो. बाटली कशी धरायची, कशी झाकायची त्ये कळलं. धूर येतोय त्ये बी कळलं. पण धूर आला की पोरं वहीत कायतरी लिवायची आनि खूश व्हायची. काय लिवायची त्ये मला कुणी सांगितलंच न्हाय."

मी त्या माणसाबरोबर उणीपुरी वीस वर्षं काढली होती. वर्गात माझ्या शिकवण्याची तारीफ व्हायची.

मी खुर्ची सोडून खाली बसले. चुलीपुढचा कोळसा मागून घेतला आणि सारवलेल्या अंगणात एक कार्बन काढला. त्याला हायड्रोजन जोडले, कडेला ऑक्सिजन, त्याला टेकून एक हायड्रोजन. म्हटलं, "अण्णा, ही ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. एखाद्या पदार्थात ही जोडी आहे का नाही, ते वरून दिसत नाही. थोरला टाकला की तो ही जोडी नेमकी हेरतो, तिला उचलून तिच्या जागी आपला क्लोरीन बसवतो, आणि त्या गडबडीत धूर येतो. धूर आला म्हणजे जोडी होती. मुलं वहीत तेवढंच लिहायची. 'जोडी आहे.'"

अण्णा खाटेवरून उतरून माझ्याशेजारी उकिडवे बसले. आकृतीला न टेकवता एकेक अणूवरून त्यांनी बोट फिरवलं. दोनदा चुकले, मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला समजावून सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता.

"म्हंजी न दिसनारं दाकवत हुता त्यो."

"हो."

"येवढंच व्हय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वर बघवेना. "येवढंच व्हतं व्हय!"

गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. लेकीने पिशवीत मिरच्या घातल्या. फाटकाशी आल्यावर मी वळून पाहिलं. अंगणात कोंबड्या हिंडत होत्या, दाणे टिपत टिपत त्या आकृतीच्या दिशेने येत होत्या. अण्णांनी त्यांना हाकललं, भिंतीशी ठेवलेलं कोंबड्या झाकायचं डालगं उचललं, आणि हलक्या हाताने त्या आकृतीवर झाकून ठेवलं.